कापितानच्या छपरावरची हवा

माझा स्वभाव तिरसट आहे हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे. आकडा चुकलाय म्हणून कोणी सांगत आलं, की मी आधी त्या माणसाकडे रोखून बघते आणि मग आकड्याकडे. सतरा वर्षं मी हवेतली धूळ कागदावर गोळा करते, ती पाण्यात उतरवते आणि तिच्यात काय काय आहे ते मोजते. त्यातली बारा वर्षं तर नुसत्या ताआल ज्वालामुखीच्या उशाशी गेली. त्यामुळे ऑक्टोबरात देल्फिना मारालित नावाच्या शिक्षिका माझाच अहवाल हातात घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना बसा असंसुद्धा म्हटलं नाही.

पंचावन्न-छप्पन्न वय, ठेंगणा बांधा, पायात रबरी चपला. ज्वालामुखीभोवतीच्या सरोवराच्या काठावरच्या माबुलोहान गावातून दोन तास भाड्याच्या जीपनीत उभं राहून आल्या होत्या.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"खाली सही कोणाची आहे?"

"मारिव्हिक काटिगबाक."

"मग मीच लिहिलंय."

"बरं. कुठे मोजलंत?"

"तुमच्या गावच्या प्रमुखाच्या, कापितानच्या छपरावर. चौदा महिने, दर सहाव्या दिवशी. आणि व्हॉग असेल त्या दिवशी जादा."

त्यावर त्या हसल्या. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

प्रकरण असं होतं. ज्वालामुखीतून गंधकाचा वायू सारखा येत असतो. वारा पडला आणि हवा दमट असली, की तो धुक्यासारखा काठावर येऊन बसतो. त्यालाच सगळे व्हॉग म्हणतात. अशा सकाळी देल्फिनाबाई शाळेच्या फाटकात उभं राहून मुलांना परत घरी पाठवायच्या. वर्षभरात असे अकरा दिवस झाले, आणि एकाही दिवशी त्यांनी वरून परवानगी घेतली नव्हती, कारण परवानगी यायची ती दुपारी. गावातून तक्रार गेली. शिक्षण कार्यालयाने आमच्याकडे विचारणा केली, की या धुक्यात खरंच आम्ल आहे का? मी ऑगस्टमध्ये उत्तर लिहिलं, की सल्फेटचे कण आहेत, पण ते उदासीन आहेत, आम्ल नाही. त्या एका ओळीवर बाईंना नोटीस गेली. अठ्ठावीस नोव्हेंबरला चौकशी. दोषी ठरल्या तर मुख्याध्यापकपद जाणार, डोंगरातल्या कुठल्यातरी शाळेत बदली होणार आणि नोकरीच्या पुस्तकात शेरा पडणार. सव्वीस वर्षं त्यांनी त्याच शाळेत काढली होती. निवृत्तीला चार राहिली होती.

आता ती माझी ओळ. ती मी काही हवेतून काढली नव्हती. गंधकाचा वायू दमट हवेत मुरला, की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, अगदी बारीक थेंबांचं. त्या थेंबाला वाटेत अमोनिया भेटला की आम्ल मरतं आणि मीठ उरतं. भातखाचरात जे पांढरं अमोनियम सल्फेट खत टाकतात, तेच हे. एका सल्फेटला दोन अमोनियम मिळाले की आम्ल पूर्ण मेलं समजायचं. एकच मिळाला तर अर्धं जिवंत. त्याहून कमी असेल, तर माणसाने घरात बसावं. कापितानच्या छपरावरच्या एकूण एक कागदावर माझं गुणोत्तर दोनच्या आसपास येत होतं. १.९४, १.९८, १.९६. इतके देखणे आकडे माझ्या उभ्या नोकरीत आले नव्हते.

मी त्यांना हे सगळं सांगितलं, जरा तोऱ्यातच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण माझ्या मुलांचे घसे जळतात."

"वायूमुळेही जळतील. सर्दीनेही जळतात. मी कण मोजते, घसे नाही."

"कापितानच्या घरी नाही जळत कोणाचे. ते तसं म्हणतातच. तक्रारीवर पहिली सही त्यांचीच आहे, की मी याच गावात राहतो आणि मला कधी काही झालं नाही. खोटं बोलणारा माणूस नाही तो."

"मग झालं की. हवा एकच असते, मॅम. कापितानची वेगळी आणि शाळेची वेगळी असं नसतं."

"तुम्ही शाळेत कधी आला होतात?"

चौदा महिन्यांत मी शाळेत एकदाही गेले नव्हते.

"एकदा खाली शाळेत या," त्या म्हणाल्या. "नुसत्या या." आणि परतीची जीपनी चुकेल म्हणून निघून गेल्या. खुर्ची मी त्यांना शेवटपर्यंत दिली नव्हती, हे मला त्या गेल्यावर लक्षात आलं.

शाळेत का गेले नव्हते, तेही सांगते. आमच्याकडे गावात सरकारी माणूस आला की तो आधी कापितानच्या घरी जातो. यंत्र आलं तर तेही तिथेच राहतं. कापितान युसेबियो मालाबानान यांचं घर गावाच्या वरच्या अंगाला, पक्कं, सपाट गच्चीचं, स्वतःचा जनरेटर असलेलं. पहिल्या दिवशी मी पंप घेऊन उतरले तर ते फाटकातच उभे होते.

"आला ए, आलीस का, इनेंग! यंत्र वर ठेव, नि हातपाय धू. भात गार होतोय." 'आला ए' हा आमच्या बोलीतला नुसता उद्गार, आणि 'इनेंग' म्हणजे पोरी.

"कापितान, मला आधी गावात फिरून जागा बघायची आहे."

"जागा काय बघायची? ही काय जागा. चोर येणार नाही, वीज जाणार नाही. की माझं घर तुझ्या यंत्राला कमी पडतंय?"

त्यावर नाही कसं म्हणायचं ते मला अजूनही कोणी शिकवलेलं नाही. पानात तळलेले ताविलीस मासे होते, शेजारी बराको कॉफीची किटली होती आणि दारात त्यांची बायको हसत उभी होती. जेवल्यावर मी पंप गच्चीवर चढवला. निघताना त्यांनी तीस अंड्यांचा ट्रे पिशवीत घालून हातात दिला. पुढे दर खेपेला दिला. अंडी त्यांचीच होती, कारण घराच्या मागे उतारावर त्यांच्या बारा हजार कोंबड्यांच्या पिंजऱ्यांच्या लांब शेड होत्या.

त्या शेड मी पाहिल्या होत्या, हे मुद्दाम सांगते. जागेच्या फॉर्मवर एक रकाना असतो: जवळपास धूर, भट्टी, मोठा रस्ता, बांधकाम आहे का? मी 'नाही' लिहिलं आणि ते खरं होतं. तेव्हा तो पंप फक्त धुळीचं वजन करायला बसवला होता आणि वजनाला कोंबड्यांनी काही फरक पडत नाही. कणांत काय आहे ते बघा, हे मनिलाच्या साहेबांनी चार महिन्यांनी सांगितलं. कागद साठवलेले होतेच. मी तेच मोजले. जागा पुन्हा तपासायला हवी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

देल्फिनाबाईंच्या भेटीनंतर आठवडाभर मी चरफडत होते. मग एक हातात मावणारा छोटा पंप उचलला आणि शाळेत गेले. खरं सांगायचं तर बाईंचं म्हणणं खोडून काढायलाच गेले. कापितानच्या घरापासून शाळा नऊशे मीटरवर, खाली पाण्याजवळ. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर मी पंप बांधला. मला रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून कागद बदलायला बाईंनाच शिकवलं.

"चिमट्याने धरायचा. बोट लावायचं नाही. आणि त्याच्यावर श्वास सोडायचा नाही."

"श्वासाने काय होतं?"

"माणसाच्या श्वासातही थोडा अमोनिया असतो. तेवढ्यानेही कागदावरचं आम्ल मरतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून वर कापितानच्या घराच्या दिशेने बघितलं. त्यांना तेव्हाच कळलं होतं का, हे मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो. तोंडाला फडकं बांधायला लागेल एवढंच मनात आलं." पण मी स्वतः ते वाक्य बोलले होते. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे, आणि ते वाक्य माझ्याच तोंडून निघून माझ्याच कानावरून गेलं.

त्यानंतर तीन आठवडे हवा लख्ख राहिली. सरोवर निळंशार, मुलं मैदानात, सगळं गाव खूश. आम्ही दोघीच काय त्या वाईट हवेची वाट बघत होतो. बाईंनी एकदा फोनवर तसं बोलून दाखवलं. "मुलांना त्रास होईल अशी हवा यावी म्हणून मी रोज सकाळी खिडकी उघडते. मला माझीच लाज वाटते." मी म्हटलं, "कागद मात्र बदलत राहा." दुसरं काय बोलणार होते?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वारा पडला. चार दिवस व्हॉग आला, आणि चारही दिवशी बाईंनी मुलांना फाटकातूनच परत पाठवलं. चौकशी डोक्यावर असताना. कागद त्यांनी फडकं बांधून, श्वास रोखून बदलले आणि मी दिलेल्या डबीत ठेवले. मी वरचे कागद कापितानच्या गच्चीवरून घेतले, खालचे शाळेतून, आणि सगळे एकाच दिवशी यंत्रात घातले.

सल्फेट दोन्हीकडे सारखंच होतं. ते व्हायलाच हवं होतं, धुकं एकच होतं. अमोनियमचं गुणोत्तर मात्र वर १.९६ आणि खाली ०.५८.

मी म्हटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा धुतलं, पुन्हा चालवलं. ०.५७. म्हटलं, बाईंनी डब्यांत काहीतरी घोळ केला. पण बोट लावून किंवा श्वास सोडून अमोनियम वाढलं असतं, कमी झालं नसतं. मी दुपारी न जेवता यंत्रापुढे बसले होते, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा आर्नुल्फो आला. पाण्याचे नमुने बघतो तो, आणि तोंडाला कुलूप नाही.

"मारिव्हिक, तुझी ती पिशवी बाहेर ठेव बाई. चौदा महिने सहन करतोय. कोंबड्यांच्या खुराड्यात बसल्यासारखं वाटतं."

"कुठली पिशवी?"

"कापितानची. अंडी खातेस तू आणि वास घेतो मी."

मी पिशवीत नाक घातलं. तो वास कोंबड्यांच्या विष्ठेचा होता, म्हणजे निम्मा तरी अमोनियाचा. बारा हजार कोंबड्या, दिवसरात्र. आम्लाचा थेंब सरोवरावरून चढून यायचा आणि माझ्या पंपाच्या तोंडाशी पोचायच्या आत मरून जायचा. म्हणून माझे आकडे देखणे होते. मी गावाची हवा मोजलीच नव्हती, मी पंधरा पावलांवरच्या शेडची हवा मोजली होती. मी पिशवी दारापर्यंत नेऊन बाहेर ठेवली. आर्नुल्फो म्हणाला, "अगं, गंमत केली." मी त्याला सांगितलं, की गप्प बस, तू माझं वाटोळं केलंस आणि एका बाईची नोकरी वाचवलीस. त्याला काही कळलं नाही.

खात्रीसाठी मी दोन्हीकडे अमोनिया मोजायच्या नळ्या आठवडाभर टांगल्या. शाळेपेक्षा कापितानच्या गच्चीवर अमोनिया बावीस पट निघाला.

चौकशीच्या आधी मी कापितानकडे गेले. त्यांच्या पाठीमागे बोलणं मला जमलं नसतं, आणि चौदा महिने त्यांचं मीठ खाल्लं होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे ताट वाढायला सांगितलं. मी म्हटलं, आज आधी बोलते आणि मग वाटलं तर वाढा.

सगळं ऐकून त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे माझं घर खोटं बोललं?"

"घर खरंच बोललं, कापितान. घरापुरतं."

"आणि मी? माझा घसा?"

"तोही खराच. तुमच्या अंगणात आम्ल पोचतच नाही."

"आला ए! कोंबड्यांच्या घाणीमुळे?"

"हो."

ते हसायला लागले, पण ते हसणं मध्येच अडकलं. साठीचा माणूस, सगळ्या गावासमोर छातीवर हात ठेवून बोललेला.

"मी त्या बाईला भर सभेत आळशी म्हटलं, इनेंग. म्हटलं, हिला शाळा नको असते, सुट्टी हवी असते. माझ्या मुलाला शिकवलंय तिने."

"मला मंगळवारी चौकशीत हे सांगावं लागेल. कोंबड्यांसकट."

"सांग ना. मी काय, तोंड बंद ठेवू म्हणतोय का तुला?" ते तडकले. "पण एक सांग. पहिल्या दिवशी तुला जागा बघायची होती ना? मग गेली का नाहीस?"

"तुम्ही जेवायला बोलावलंत."

"मी बोलावणारच! ते माझं काम आहे. जेवून मग जायचं होतंस."

त्यांनी ताट वाढलं आणि मी जेवले. निघताना अंडी दिली नाहीत, आणि ते बरंच झालं.

चौकशी शिक्षण कार्यालयातल्या एका लांब खोलीत झाली. पर्यवेक्षिका बाई टेबलामागे, बाजूला एक कारकून, समोर देल्फिनाबाई, कापितान आणि मी. देल्फिनाबाईंनी इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि हात मांडीवर ठेवले होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, की ऑगस्टमधला माझा अहवाल चुकीच्या जागेवर घेतलेल्या नमुन्यांवर लिहिलेला आहे. जागा मी निवडली. तिथे कोंबड्यांच्या शेड आहेत, मला त्या दिसत होत्या. माबुलोहानच्या शाळेत व्हॉगच्या दिवशी जे कण येतात ते तीव्र आम्लाचे आहेत, हे घ्या आकडे. चौदा महिन्यांचे सगळे निष्कर्ष मी मागे घेते.

पर्यवेक्षिका बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे तुमचं वर्षाचं काम रद्द?"

"हो."

हे एवढंसं अक्षर बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. पण मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. चूक कबूल केली, बाई वाचल्या, आता हिशोब मिटला, असं मला खरोखर वाटलं.

कापितान उठले. तक्रारीवरची सही परत घेतो म्हणाले. मग बाईंकडे वळून, सगळ्यांसमोर, "मॅम, मला माफ करा" म्हणाले. देल्फिनाबाईंनी मान हलवली.

पर्यवेक्षिका बाईंनी कारकुनाला सांगितलं, "अकरा दिवस ग्राह्य. या महिन्यातले चारही ग्राह्य. शेरा नाही. फाईल बंद." आणि टोपण लावून पेन ठेवलं.

देल्फिनाबाई उठल्या नाहीत.

"एक दिवस राहिला," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"सव्वीस सप्टेंबर."

कारकुनाने कागद चाळले. "त्या दिवशी तक्रार नाही, मॅम. त्या दिवशी शाळा चालू होती."

"म्हणूनच सांगते. त्या दिवशीही व्हॉग होता. नोटीस येऊन चार दिवस झाले होते आणि सोबत यांचा अहवाल होता. फाटकात उभी राहिले, पण मुलांना परत नाही पाठवलं. आत घेतलं. दुसऱ्या तासाला तिसरीतला बेर्नाबे बाकावर आडवा झाला. ओठ निळे पडले होते. ट्रायसिकल रिक्षातून दवाखान्यात नेला. नऊ दिवस होता. आता येतो शाळेत. पळत नाही, भिंतीला टेकून दुसऱ्यांचा खेळ बघतो."

मला हे माहीत नव्हतं. ऑक्टोबरात त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा हे त्यांच्या पोटात होतं. मी त्यांना घसे मोजत नाही असं ऐकवलं होतं, आणि त्यांनी मुलाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

पर्यवेक्षिका बाई सावकाश म्हणाल्या, "मॅम, शाळा चालू ठेवणं हा गुन्हा नाही. तुमच्या हातात सरकारी अहवाल होता. आणि मुलगा बरा आहे."

"अहवाल हातात होता. पण माझा स्वतःचा घसा जळत होता त्या सकाळी. मला कळत होतं. मी घाबरले, बदली होईल म्हणून. ते लिहून घ्या."

मी उभी राहिले. "तो दिवस माझ्या नावावर लिहा. कागद माझा होता. बाईंचा काही दोष नाही."

देल्फिनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुमचं तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. "माझं मला लिहू द्या."

आणि त्यांनी टेबलावरून कारकुनाचं पेन उचललं, कागद स्वतःकडे ओढला आणि अक्षर नीट काढत सव्वीस सप्टेंबर ही तारीख घातली.